कोरी खळगी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार माणसे एका टेबलाभोवती मन लावून काम करू लागली, की ते आपोआप साचतात. माझी विद्यार्थिनी स्नेहा हिची वसईतील प्रयोगशाळा तर त्यांची खाणच! स्वयंसेवकांसाठीची मराठी माहितीपत्रके तपासण्यास मी निवृत्तीनंतर तेथे जाऊ लागले, आणि रमले.

काम ऐकायला सोपे. हातावर चिकटपट्टी दाबायची, सोलायची आणि तिच्यावर आलेले त्वचेतील प्रथिन अँटिबॉडीने पकडायचे. प्लेटमध्ये लहान लहान खळग्या असतात; ज्या खळगीत प्रथिन असेल, तिच्यात पिवळा रंग येतो.

*

पहिल्या स्वयंसेविका पाचूबंदरच्या कोळीवाड्यातील फिलोमावशी. पट्टी सोलताच म्हणाल्या, "काय गो पोरी, माजे खवले काढतंस? आता तलनार पन हाय का?"

हसता हसता स्नेहाच्या हातून पट्टी खाली पडली! मावशींनी दुसरा हात पुढे केला. "घे, यो ताजा हाय!"

*

प्रत्येक प्लेटमध्ये एक खळगी मुद्दाम नमुना न घालता कोरी ठेवतात. ती रंगहीन राहिली, तरच बाकीच्या मोजमापावर विश्वास ठेवायचा. आमची कोरी खळगी मात्र रोज पिवळी!

मी म्हटले, "कोऱ्या उत्तरपत्रिकेला गुण कसे मिळाले?"

स्नेहाला हसू आले नाही. मुंबईचे परीक्षक ही पद्धत तपासायला येणार होते. त्यांनी ती नाकारली, तर प्रकल्प बंद.

*

कुणाच्या तरी त्वचेचे कण आत पडत असणार, म्हणून संशय रोहनच्या दाढीवर आला. जूचंद्र गावच्या या सहकाऱ्याने ती साखरपुड्यासाठी जोपासली होती. "सायन्ससाठी कायपण, मॅडम!" म्हणत तो सफाचट होऊन आला.

खळगी पिवळीच! वर होणाऱ्या बायकोचा फोन: "दाढी येईपर्यंत एकही फोटो काढायचा नाही!"

*

परीक्षक आले. त्यांच्यासमोर स्नेहाने प्लेटचे झाकण काढले, ती दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले आणि परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकेसारखी कपाळाला टेकवली.

"मॅडम!" रोहन ओरडला. "कपाळाची स्किन पडते ना आत!"

परीक्षकांनी चष्मा वर केला. "हे रोज करता?"

"हो सर... सवयीने."

"दुसरी प्लेट घ्या. नमस्कार लांबून करा."

स्नेहाने लांबून हात जोडले. संध्याकाळी नमुन्यांच्या खळग्या पिवळ्याधमक झाल्या, आणि कोरी अगदी नितळ राहिली!

"माझी दाढी परत द्या!" रोहन म्हणाला.

परीक्षकांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला, खिशातून पेन काढले, डोळे मिटून ते कपाळाला लावले आणि सही केली.