पाऊणपट वेग

आमच्या स्टुडिओत तिला सगळे किरकिर म्हणत. तोंडावरही म्हणत. एक तर गिटारमधून ती तसलाच आवाज काढायची, आणि दुसरं म्हणजे तिच्या तक्रारी संपायच्या नाहीत. पंखा बंद करा, बांगड्या काढून ठेवा, तुमचं पोट बोलतंय. हे शेवटचं मला. मी ऐकायच्या पुस्तकांसाठी आवाज देतो. माझे श्वास, माझं गिळणं, पान उलटल्याची सळसळ हे सगळं काचेपलीकडे बसून वेचून काढणं हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेलं काम डोळे झाकून घ्यावं, असं मालक म्हणायचे. बढतीचा विषय निघाला की मात्र नेमका त्यांना फोन यायचा.

पण तिचा जीव होता तो दुसरीकडेच. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मधली खरखर ते कपाळाला आठ्या घालून ओलांडायचे, आणि ही लहानपणी हट्ट धरायची, "बाबा, तिथेच थांबवा ना!" मोठेपणी तिने त्याच खरखरीतून संगीत करायला घेतलं. रॉकच, पण ज्यावर कुणाला नाचता येणार नाही असं. दोन भिडू मिळाले. ड्रमवर मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी. मोटार शिकवायची शाळा चालवणारा दिलदार माणूस, ताल पक्का, पण यंत्राला हात लावला की यंत्र रुसणार. बेस गिटारवर दातांचे एक डॉक्टर. आपल्या दवाखान्यातलं ड्रिल कुठल्या सुरात फिरतं हे त्यांना सांगता यायचं. तेवढ्यावर तिने त्यांना घेतलं.

त्यांचा अल्बम तिने पाण्याच्या टाकीत ध्वनिमुद्रित केला. वसाहतीची मोठी टाकी सफाईसाठी उपसलेली होती. तिघं शिडीने आत उतरले, ड्रम दोरीने सोडले. आत नुसतं खाकरलं तरी तो आवाज भिंतींवर आपटत, गोल फिरत विरायचा. तिने सगळी रचना त्या घुमण्यावर बेतली. आधीचा घुमार विरतो न विरतो तोच पुढचा ठोका पडला पाहिजे. "वेग चुकला की चिखल," ती दाजींना बजावायची. गाणी सहा, शब्द मोजके, आणि गायली ती स्वतः, पत्र्यावर ओरखडा उठावा तशा बारीक, टोकदार आवाजात.

कॅसेट निघाली. नातेवाइकांनी घेतली, लावली कुणी नसावी. बहीण म्हणाली, "छान आहे गं. यात गाणं कधी सुरू होतं?" त्यानंतर कित्येक वर्षं तिघं मिळेल तिथे वाजवत राहिले. हॉटेलच्या मागच्या खोलीत वाजवलं, शाळेच्या सभागृहात वाजवलं. एका ठिकाणी आयोजकांनी मध्येच वीज घालवली आणि बिघाड झाल्याचं सांगितलं. बाहेर येऊन बघतात तर सगळ्या इमारतीत दिवे लख्ख.

मग दाजींनी उपकार केला. तिच्या वाढदिवसाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून घरच्या जुन्या टेपवर कॅसेट लावली, संगणकात उतरवून घेतली आणि इंटरनेटवर टाकली. टेपचा रबरी पट्टा सैल पडला होता. सगळा अल्बम पाऊणपट वेगाने उतरला.

आणि लोकांना वेड लागलं. काय तो संथपणा, काय तो जडपणा! डोंगर सरकतोय जणू! आणि गायक तर विचारूच नका. 'सर, असा खर्जातला आवाज आम्ही जन्मात ऐकला नाही. सर, आपण असता कुठे?'

हे तिला कळलं ते स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच ठेवून ती निघाली. तशा अवस्थेत तिने स्कूटर चालवणं मला बरं वाटेना, म्हणून मी मागे बसलो. दाजी त्यांच्या कचेरीत होते, बहीणही तिथेच होती.

"दाजी, हे काय करून ठेवलंत?"

"आवडलं ना? बघ, किती जणांनी ऐकलंय!"

"ते मी केलेलं नाही. तुमच्या टेपने केलंय."

"अगं, टेपला कुठे गिटार येते?"

बहीण फिसकन हसली. किरकिरने तिच्याकडे असं पाहिलं की मीही हसू गिळलं. "माझा आवाज बाप्याचा झालाय. एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

दाजी चपापले. "मला वाटलं, तुला तेव्हा सर्दी होती."

महिनाभर ती मूळ फीत घेऊन बसली. टाकीतल्या घुमाराची कडा न् कडा जपून तिने खऱ्या वेगाचा अल्बम तयार केला आणि लोकांसमोर ठेवला. पहिलाच शेरा आला: 'कुणीतरी मूळ गाणी चोरून, वेग वाढवून वाट लावली आहे. गायकाची माफी मागा.' तिने खाली लिहिलं, गायिका मीच आहे. त्यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकला.

तेवढ्यात एका संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. आयोजक बाईंनी फोनवर अदबीने सांगितलं, "तुमची संथवालीच हवीत हं, मॅडम. ती जलद नकोत."

"ती जलद नाहीत. ती बरोबर आहेत."

"हो हो, पण संथ."

ती नाहीच म्हणणार होती. डॉक्टरांनी गळ घातली, "इतकी वर्षं मोकळ्या खुर्च्यांना ऐकवलं. एकदा माणसांना ऐकवू." शेवटी तीन बरोबर, तीन संथ, असा तोडगा निघाला.

तालमी म्हणजे छळ झाला. स्वतःचीच रचना तिला टेपच्या चुकीवरून शिकावी लागली. तारा इतक्या उतरवल्या की त्या लोंबायला लागल्या. दाजींचे हात सवयीने पुढे पळायचे. आणि तो खर्ज तिच्या गळ्यातून निघेचना. यंत्रातून आवाज जाड करून पाहिला, तर डबक्यातला बेडूक बोलतोय असं वाटलं. शेवटी ती डॉक्टरांना म्हणाली, "तुम्हीच गा." डॉक्टर घाबरले, पण गायले. खर्ज मात्र त्यांना होता.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. आधीची तीन गाणी तिने जीव ओतून म्हटली. तंबू निम्मा रिकामा झाला. लोक पाणी प्यायला, फोन करायला बाहेर पडले. संथ गाणं सुरू झालं तसे धावत परत आले, डोळे मिटून डोलायला लागले. शेवटी टाळ्या थांबेनात, आणि त्या सगळ्या डॉक्टरांकडे तोंड करून.

मंचामागे पोरंपोरी डॉक्टरांचा हात सोडेनात. डॉक्टर बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "अहो, मी फक्त बेस वाजवतो. अल्बममध्ये गायल्या आहेत त्या या. टेपचा वेग मंदावला, म्हणून तसं ऐकू येतं."

मग एक मुलगी पडेल आवाजात म्हणाली, "हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

किरकिर वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

त्यानंतर बोलावणी आली, ती डॉक्टरांना गायक धरूनच. तिने एकही घेतलं नाही. डॉक्टर दोन दिवस हिरमुसले आणि दवाखान्यात रमले. दाजींशी मात्र तिने अबोला धरला. तो चांगलाच टिकला असता, पण नव्या कामाला ड्रम लागणारच होते. आता ती मोटारशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ध्वनिमुद्रण करते. गेल्या वर्षी पाच नवी गाणी काढली. ऐकणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं: 'पहिल्यासारखं नाही.' ती तो शेरा वाचते, शिवी हासडते आणि परत शेडमध्ये जाते.

एकदा माझं वाचन लवकर आटोपलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "खरं सांग, दाजींचा तो अल्बम तू एकदा तरी पूर्ण ऐकलास का?"

"ऐकला." ती पडद्यावर माझा एक श्वास निवडत होती. "पाच गाण्यांची माती झालीय. तिसरं..." तिने तो श्वास कापला, परत जोडला, परत कापला. "तिसरं संथच बरं आहे. मला तेव्हा सुचलं नाही. आणि हे दाजींच्या कानावर घातलंस तर बघ."

मग तिने मला पुन्हा आत पाठवलं. माझ्या शेवटच्या ओळीत खुर्ची वाजली होती.