सायकली तांड्यावर नेणारे देविदासभाऊ

आदरणीय देविदासभाऊंची आणि माझी पहिली ओळख म्हणजे त्यांनी माझ्या तोंडावर लावलेलं गाडीचं दार. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात. पण भाऊ स्वतःच हे चारचौघांत सांगतात. तेव्हा ते घाटंजीच्या पहिल्या गाडीवर कंडक्टर होते. मी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, नर्सिंग शिकणारी. आणखी हजेरी बुडाली असती तर मला परीक्षेला बसता येणार नव्हतं. तांड्यावरून गाव आणि गावावरून फाटा, अशी तासाभराची पायपीट करून मी धावत पोचले, तोच दार लागलं.

त्याच वर्षी भाऊ निवृत्त झाले. पहिली गाडी रिकामीच जाते म्हणून बंद होणार, अशी तेव्हा बोलवा होती. प्रवासी होते, पण ते फाट्यापर्यंत वेळेत पोचत नव्हते. शाळेत मुलींना मिळालेल्या आणि त्या सासरी गेल्यावर अंगणात गंजत पडलेल्या सायकली भाऊंनी घरोघर फिरून मागून आणल्या, स्वतः दुरुस्त केल्या आणि गावच्या चावडीपुढे उभ्या केल्या. सकाळी कोणीही घ्यावी, फाट्यावर लावावी, गाडी धरावी. संध्याकाळी परत आणावी. कुलूप नाही, चिठ्ठी नाही. महिन्याभरात गाडी भरून जाऊ लागली आणि भाऊंची जिकडेतिकडे वाहवा झाली.

आम्ही तांड्यावरून चावडीशी येईतो मात्र एकही सायकल उरत नसे. एक दिवस माझी याडी, म्हणजे आई, भाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, ज्याईचं घर फाट्याजवळ, त्याईलेच सायकल. माह्यी पोरगी पायीच. असं काहून?"

 दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ तांड्यावर आले आणि माझ्याबरोबर चालत निघाले. आम्ही पोचण्याआधीच गाडी निघून गेली. त्याच संध्याकाळी चावडीवर सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले.

"चुकी माह्यी आहे. जिंदगीभर मी दारातून दिसे त्याईलेच घेऊन गेलो. मांगून पळत येनारे मले दिसलेच नाही. उद्यापासून सायकली तांड्यावर राहतीन."

गावकरी चिडले. "सायकली आमच्या पोरींच्या, अन् बसतीन तांड्यावाले?"

"एकटे नाही बसनार," भाऊ म्हणाले. "येता येता गावातल्याले डबल सीट घेतीन."

मी आजही थक्क होते. नवी एक सायकल न आणता भाऊंनी दुप्पट माणसं फाट्यावर पोचवली. ज्यांनी कधी एकमेकांच्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता, ते एका सायकलवर बसू लागले. गाडी टिकली. मी परीक्षा दिली आणि आज झरी जामणीकडच्या दवाखान्यात नर्स आहे. एवढं मोठं काम करणारा माणूस इतक्या साधेपणाने चूक कबूल करतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पंच्याहत्तरीच्या या सोहळ्यासाठी आम्ही सकाळची वेळ सुचवली, तर भाऊ गरजले, "पह्यली गाडी जाऊ द्या. माह्या सत्कारापायी एखादीची गाडी हुकली, तं मी हार घेनार नाही!"

भाऊ, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हार आम्ही सावकाश घालू. आधी पोरी गाडीत बसू देत.