सायकल देऊन आणलेली नाव

आमच्या ह्यांनी नाव घेतली ती मला न विचारता. न विचारता केलेल्या गोष्टी आमच्या संसारात पुष्कळ आहेत, पण त्यातली सगळ्यात लांब हीच. चांगली बारा हात होती.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात सासरचं गाव गेलं होतं आणि माळावर नवं गाव वसलं होतं. मी तिथल्या शाळेत शिक्षिका, आणि हे धरणावर पाण्याची पातळी लिहायला. रोज सकाळी सायकलवरून जायचं, पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत उतरवायचा आणि परत यायचं. एवढ्या अनुभवावर ह्यांना पाण्यातलं सगळं कळायला लागलं होतं. फक्त पोहणं तेवढं शिकायचं राहिलं होतं.

एका रविवारी हे चालत घरी आले.

"सायकल पंक्चर झाली का?" मी विचारलं.

"धरणावरच्या भोयाला दिली. त्याच्याकडून नाव घेतली."

सायकल माझ्या भावाने लग्नात दिलेली. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी मासे धरू. शिवाय मोकळी हवा."

माळावर राहणाऱ्या माणसाला हवा कमी पडत होती, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नाव बघायला गेले. लिंबाखाली पालथी घातली होती. एका अंगाने फळ्या निघालेल्या, आणि त्या भगदाडातून एक कोंबडी निवांत ये-जा करत होती. भोई सरळ माणूस होता. मला बघताच म्हणाला, "बाई, म्या सायबाला अगोदरच सांगितलं. हिला पान्यात घालू नका."

"मग करायचं काय तिचं?"

"शेळ्या बांधा की. सावली चांगली पडती."

बैलगाडीवर आडवी टाकून नाव गावात आणली. गाडी वेशीतून आत आली तेव्हा सगळं गाव बाहेर आलं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी नाव बघितली, लेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाव बुडून राहिलं होतं तवा नाव न्हवती. आता समदे माळावर येऊन बसलो, तर ह्याला नाव सुचून राहिली."

गावात बैलगाड्या बांधणारे एक मुसलमान सुतार होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी जन्मात नाव केली नव्हती, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "नाव म्हंजे गाडीच की सायेब," ते म्हणाले. "चाकं न्हाईत, तेवढं काम कमी." मग लाकूड बघायला म्हणून त्यांनी तळाच्या फळीवर हातोडी मारली. हातोडी फळीतून आरपार गेली. चाचांनी वाकून आत बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "ही फळी बदलावी लागंल."

त्या फळीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. दिवस मावळेपर्यंत काढलेल्या लाकडांचा ढीग उरलेल्या नावेपेक्षा मोठा झाला. मी ह्यांना म्हणाले, "ढिगालाच नाव म्हणा आणि ती परत द्या." हे हसले नाहीत.

पुढचे दोन महिने आमच्या अंगणात बाभळीची लाकडं, भुसा आणि सल्ला देणारी माणसं यांचाच राबता होता. गुडघ्याच्या वर पाण्यात कधी न गेलेले लोक नावेचं नाक किती उचललं पाहिजे ते चाचांना समजावून सांगत. चाचा सगळ्यांना "बराबर" म्हणत आणि आपल्या मनाचं करत. फळ्यांच्या फटी बुजवायच्या कशा, ते मात्र भोयालाच विचारावं लागलं. त्याने सांगितलं, कापूस जवसाच्या तेलात भिजवून फटीत ठासायचा आणि वरून डांबर. कापसाच्या मुलखात राहून ह्यांना कापूस सापडला तो माझ्या गादीत. डांबर तापवायला भांडं सापडलं ते माझा अंघोळीचा हंडा. तो मी राखेने घासला, चिंचेने घासला, विटकरीने घासला. तरी वर्षभर आमच्या अंगाला नव्या सडकेचा वास येत होता.

अखेर एका सकाळी नाव पाण्यात ढकलली आणि ती बुडाली नाही. काठावर जमलेल्या मंडळींची जरा निराशाच झाली. हे पुढे वल्हं घेऊन बसले, मी मागे. ह्यांनी जोरात वल्हं मारलं. नाव फिरली. आणखी जोर लावला, आणखी फिरली. जात्यासारखी एका जागी गरगर फिरत असताना काठावरून चाचा ओरडले, "बराबर चालून राहिली, सायेब!" त्यांच्या हिशेबाने नाव तरंगली तिथेच त्यांचं काम संपलं होतं.

हे चिडले आणि उभे राहिले. नावेत उभं राहू नये, एवढं मलाही कळत होतं. पुढच्या क्षणी हे पाण्यात होते. पातळीत काही फरक पडला असेल, तर तो लिहून घ्यायला जागेवर कुणी नव्हतं.

माझं माहेर हट्टा गावाकडचं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले होते. पातळ खोचून उडी मारली, ह्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि काठाकडे ओढत आणलं. तेवढ्या वेळात ह्यांनी माझे केस धरले, बांगड्या फोडल्या आणि दोनदा मला खाली दाबलं. काठावर आल्यावर हे खोकत म्हणाले, "घाबरू नको."

मला तेव्हा हसू आलं नाही. त्यांना घट्ट धरून मी चिखलात तशीच बसून राहिले. लोक बघत होते, तरी सोडलं नाही.

मग भोयाने आम्हाला वल्हवायला शिकवलं. "पान्याला हाणू नका, मागं ढकला," तो सांगायचा. मला चार दिवसांत जमलं. ह्यांना पंधरवडा लागला.

वैशाखात पाणी उतरलं तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला आपल्या शेतावर न्या." त्यांचे एक चुलत दीर होते. जुन्या गावात दोघांची शेतं लागून होती आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षं भांडण. शेतं बुडाली, भांडण कोरडं राहिलं होतं. त्यांना कळलं तसे तेही येऊन नावेत बसले. मी वल्हवत होते.

"हितं आपली चिंच," सासूबाई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"हितं न्हाई वहिनी, अजून पुढं," दीर म्हणाले. "अन् तुमची काहून? चिंच धुऱ्यावर होती. अर्धी आमची."

"धुरा तुमी सरकवला होता."

हे कळवळून म्हणाले, "आई, खाली पंधरा हात पाणी आहे."

"पानी असंल. धुरा काय पळून गेला?"

भांडता भांडता दोघं मला डावीकडे घे, उजवीकडे घे सांगत होते, आणि आश्चर्य म्हणजे दिशा दोघांची एकच होती. थोडं पुढे गेलो तर पाण्याबाहेर वीतभर काळं लाकूड दिसलं. चिंचेचा शेंडा. सासूबाईंनी मला थांबायला सांगितलं, वाकून त्या लाकडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"तुमचीच होती, वहिनी," दीर हळूच म्हणाले.

पाणी चढलं की हे खुशीत घरी यायचे आणि आल्या आल्या आकडा सांगायचे. त्या दिवसानंतर घरात आकडा सांगणं त्यांनी बंद केलं.

परतताना दोघांचं विहिरीवरून पुन्हा सुरू झालं.

पुढे गावातले कितीतरी जण आपापलं शेत बघायला नावेत बसून गेले. मासे म्हणाल तर वर्षभरात एका कालवणाइतके मिळाले. ह्यांची सेनगावला बदली झाली तेव्हा नाव सासूबाईंच्या त्या दिरांच्या हवाली केली. सासूबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत; दर वैशाखात नावेतून चिंच बघायला जायचं होतं त्यांना. दोन वर्षांनी डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा आल्या, आणि आल्या दिवशी पहिली तक्रार केली ती घराला ओटा नसल्याची.