कडुबाभाऊ उपाशीपोटी

कडुबा हिवराळेला आपण उपाशी पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की तो माणूस थापा मारतोय. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणं हा कडुबाचा धंदा, आणि शेगडी असते स्वयंपाकघरात. सकाळी भावसिंगपुऱ्यातल्या घरातून पान्या-पकडीची पिशवी स्कूटरला अडकवून तो निघायचा आणि दिवसभरात अख्ख्या शहराच्या ओट्यांना भेट देऊन यायचा.

त्याची कामाची एक रीत होती. बर्नर घासला, जेटच्या बारीक छिद्रातला कचरा काढला, ज्योत निळी झाली की दुसरा कारागीर पिशवी उचलून चालू लागेल. कडुबाला ते पटत नसे. शेगडीची परीक्षा पदार्थावरच होते, असं त्याचं ठाम मत. "ताई, ठेवून बघा कायतरी," असं म्हणून तो ओट्याशी उभा राहायचा. मग सिंधी कॉलनीत दाल-पकवान व्हायचं, गुलमंडीवर गट्ट्याची भाजी रटरटायची, सिडकोतल्या तेलुगू कुटुंबात मुगाचा हिरवा डोसा तव्यावर पसरायचा. छावणीतल्या एका बाई त्याला केक द्यायच्या. केक ओव्हनमधला, त्याचा शेगडीशी काही संबंध नाही, पण हा मुद्दा कडुबानं कधी मध्ये आणला नाही. प्रत्येक ठिकाणी तो रश्शात अंगठा बुडवून चव बघायचा, डोळे मिटून घास खायचा आणि निकाल द्यायचा, "ज्योत बराबर लागली."

दोन घरांच्या मध्ये वेळ गेला तर रस्ता होताच. क्रांती चौकाजवळचे पोहे, शहागंजात नान-खलिया, येताना पिशवीत कोंबलेली भजी. पण या खाण्याला निव्वळ हावरटपणा म्हणणं अन्यायाचं होईल. कडुबाच्या वडिलांना सोयगावकडच्या त्यांच्या गावात दाराबाहेर बसवून, वरून भाकरी टाकली जायची. त्याच माणसाच्या मुलाला आज लोक आत बोलावतात, ओट्याशी उभं करतात आणि मीठ बरोबर आहे का विचारतात. अशा वेळी पुढे आलेली ताटली नको म्हणणं कडुबाला जमत नसे. जमवावं असंही त्याला वाटत नसे.

घरी मात्र याचा हिशेब वेगळा लागायचा. संध्याकाळी सुलेखा, म्हणजे त्याची बायको, त्याचं ताट वाढायची. ज्वारीची भाकरी, आमटी, भात, शिरा केलेला असला तर वाटीभर शिरा. कडुबा चार घास चिवडायचा आणि म्हणायचा, "आज भूक नाय बघ." सुलेखा ते ताट झाकून ठेवायची. तिनं उभ्या जन्मात हॉटेलचं बाकडं पाहिलं नव्हतं. कुणाचे हात, कसलं तेल, असं तिचं म्हणणं. पण अन्न टाकणं म्हणजे तिच्या दृष्टीनं पाप. मुलीनं, अमृतानं, ठेवलेली अर्धी पोळी, खिरीच्या पातेल्याचा तळ, सगळं तिच्या पोटात जायचं. नवऱ्याचं ताट तर न चुकता.

एके दिवशी कडुबाचा अंगठा बर्नरवर भाजला. जखम महिना झाला तरी बरी होईना. अमृता औषधांच्या दुकानात नोकरीला. तिनं अंगठा पाहिला, वडिलांचं पोट पाहिलं आणि सांगितलं, "पप्पा, शुगर तपासायची. उपाशीपोटी. रात्री जेवलात की सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात गोड बंद."

"घरातच ना?" कडुबानं खात्री करून घेतली.

सोमवारी सकाळी तो उस्मानपुऱ्यातल्या लॅबकडे निघाला. निघाला अगदी प्रामाणिकपणे. पण वाटेत फोन वाजला. रोशन गेटच्या शमीमआपांची शेगडी पेटत नव्हती आणि घरातली पोरं शाळेला खोळंबली होती. रोशन गेट काही उस्मानपुऱ्याच्या वाटेवर नाही, पण पोरं खोळंबली म्हटल्यावर माणूस रस्ता बघत नाही. कडुबानं शेगडी चालू केली आणि सवयीनं ओट्याशी उभा राहिला.

"खाली पेट कायकू जारै कडुबाभाई?" आपा म्हणाल्या. "नक्को बोले तो मेरेकू बुरा लगता." पुढ्यात खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा आला.

आपांना वाईट वाटू देणं शक्यच नव्हतं.

लॅबमध्ये मोनाली नावाची मुलगी रक्त घ्यायला बसायची. तिनं दंडाला पट्टा बांधला आणि सवयीनं विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"नाय. खिचडी फक्त."

"रात्री?"

"आत्ता."

मोनालीनं पट्टा सोडला.

"आवं ताई, खिचडी तर आजाऱ्यालाच देत्यात," कडुबा म्हणाला. "आन् खिम्याचं म्हणाल, तर त्यात साखर नसती." मोनालीनं त्याला हात जोडले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गुरुवारी त्यानं फोन बंद करून ठेवला. लॅबच्या दारापर्यंत पोचलाही. पण आत रांग, आणि बाहेर इडलीची गाडी. त्या गाडीच्या शेगडीची ज्योत पिवळी होती. पिवळी ज्योत पाहून कडुबाला स्वस्थ बसवेल तर शपथ. त्यानं खाली वाकून हवेची चकती फिरवली, ज्योत निळी केली आणि मग ती खरोखर निळी झाली का, हे चार इडल्यांवर तपासलं. मोनालीनं या वेळी तोंडाकडे पाहिलं. मिशीला चटणी होती.

तिसऱ्या वेळचा दिवस त्यानं स्वतःच ठरवला. त्या दिवशी नेमकी पौर्णिमा होती. विहारात सकाळी वंदना झाली, खीरदान झालं, आणि कडुबा पुढच्या रांगेत बसून दोन वाट्या खीर खाऊन घरी आला.

"आता खीरदानाला नाय कसं म्हणावं?" त्यानं बायकोला विचारलं. चेहरा अगदी निरागस होता.

सुलेखा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "कॅलेंडर बघूनच तारीख ठरवली तुमी. मी पाहिलंय."

कडुबानं पाट पुढे ओढला.

"भूक लागती म्हणून नाय खात तुमी. भ्याव वाटतंय तुमाला. खाल्लं की रिपोर्ट नाय, आन् रिपोर्ट नाय तर आजार नाय."

कडुबा पाटावर बसला आणि अंगठ्याच्या फडक्याशी चाळा करत राहिला. त्याला खरंच भीती वाटत होती, आणि ती पकडली गेल्यावर थोडं बरंही वाटलं. "थोरल्या दादाचा पाय ह्याच रोगापायी कापला," तो म्हणाला. "आधी अंगठाच चिघळला होता त्याचा बी."

"तो पायाचा. तुमचा हाताचा हाय," सुलेखा म्हणाली. तिला धीर देण्याची एवढीच पद्धत माहीत होती. मग भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "उद्या मी येती संगं. मी बी उपाशी राहती. बघू कोन खाऊ घालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर मागे सुलेखा आणि तिच्या पदरात बांधलेला कडुबाचा फोन, अशी वरात निघाली. क्रांती चौकात पोहेवाल्यानं लांबूनच झारा हलवला. "कडुबाभाऊ, या की. वहिनी पहिल्यांदाच आल्यात."

"त्येंचं तोंड आलंय," सुलेखा मागून म्हणाली. "काय बी जात नाय."

पोहेवाल्याला इतकं वाईट वाटलं की त्यानं गाडी सोडून समोरच्या डेअरीतून थंड दही आणलं. तोंड आल्यावर दह्यासारखा उपाय नाही, असं चार गिऱ्हाइकांनी एकमुखानं सांगितलं. एकानं तूप सुचवलं. कडुबानं दह्याच्या वाटीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सुलेखाला लग्नानंतर त्यानं कधी दाखवली नव्हती. तिनं त्याच्या पाठीत बोट खुपसलं आणि स्कूटर पुढे सरकली.

लॅबमध्ये त्यांना पाहून मोनाली उभीच राहिली. "काका, खरंच काही नाही खाल्लं?"

"मी जामीन हाय," सुलेखा म्हणाली.

सुई पाहिल्यावर कडुबाचा धीर सुटला. एकट्यानंच का टोचून घ्यायचं, असं त्याच्या मनात आलं. "हिचं बी घ्या," तो म्हणाला. "ही बी सकाळपासून उपाशीच हाय."

"मला काय धाड भरलीया?" सुलेखा म्हणाली.

"अगं, एवढा उपास धरलायस. फुकट जाईल."

सुलेखा विचारात पडली. फुकट जाईल हे शब्द तिला सहन होत नसत. तिनं मुकाट्यानं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला.

"आता जेवून दोन तासांनी परत या," मोनाली म्हणाली. "दुसरी तपासणी जेवणानंतरची असते."

"ही खरी तपासणी," कडुबा म्हणाला. "ही मी रोज द्यायला तयार हाय." सुलेखानं घरून डबा आणला होता, तो दोघांनी लॅबच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला. कडुबाला निम्मा डबा कमी पडला, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी अमृता दोन्ही रिपोर्ट घेऊन आली आणि दारातच वाचू लागली. "पप्पा, तुमची शुगर अगदी नॉर्मल आहे."

कडुबानं दोन्ही हात वर करून स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. गुलमंडीवरून इमरती आणायला तो चपलेत पायही घालू लागला. अमृता दुसरा कागद हातात धरून तशीच उभी होती.

"आईची वाढलीय," ती म्हणाली. "बरीच."

"कागद बदलले असतील," कडुबा म्हणाला. चप्पल घातलीच होती, तसाच तो लॅबमध्ये गेला आणि मोनालीपुढे जाऊन बसला. "ताई, नावं उलटी पडली तुमची. खातो मी. सगळ्या शहराला विचारा. त्या बाईनं कधी भजं विकत घेऊन खाल्लेलं नाय."

मोनालीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. पुढे आठवडाभरानं सुलेखाचं रक्त पुन्हा घेतलं, तेव्हा आकडा तोच आला. तिघं दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घाबरू नका म्हणून सांगितलं, सकाळ-संध्याकाळची गोळी लिहून दिली आणि विचारलं, "जेवण किती असतं?"

"एकाच ताटाचं," सुलेखा म्हणाली.

"दोन ताटांचं," अमृता म्हणाली. "एक तिचं आणि एक पप्पांचं."

कडुबा तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होता. तो तसाच पाहत राहिला. त्याला एकेक करून सगळी ताटं आठवली. आपांची खिचडी, पकवान, हिरवा डोसा, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी घरी झाकून ठेवलेलं, चार घास चिवडलेलं ताट. शहराचं मन राखता राखता घरचं जेवण आपण इतकी वर्षं हिच्या पोटात ढकलत आलो, हे त्याला कळलं. त्यानं गोळ्यांची चिठ्ठी उचलून जपून खिशात घातली.

त्यानंतर शहरभर एक अफवा पसरली की कडुबाभाऊंना काहीतरी मोठा आजार झालाय. तो शेगडी दुरुस्त करायचा, ज्योत निळी झाली की तिच्यावर पाण्याचं भांडं ठेवायचा आणि म्हणायचा, "बराबर लागली." ताटली पुढे आली तर एक घास तोंडात टाकून बाकीची परत करायचा. "घरी वाढून ठेवलंय," असं सांगायचा. शमीमआपांनी त्याच्यासाठी दुआ मागितली. सिंधी कॉलनीतून सुलेखाला विचारपूस करणारा फोन आला. अंगठा तेवढ्यात बराही झाला, कारण तो कढत रश्शात बुडवून चव बघणं बंद झालं होतं.

ताटल्या परत करायला लागला त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी कडुबा घरी आला तो कडकडून भूक लागलेला. सुलेखानं ताट वाढलं. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तिनं भात आवरता घेतला होता. कडुबानं भाकरी संपवली, आमटी संपवली, वाटी बोटानं पुसली आणि ताट इतकं लख्ख केलं की ते धुवायचं का नाही असा प्रश्न पडावा.

सुलेखा त्या रिकाम्या ताटाकडे पाहत राहिली. तिच्या हाताला नेहमीचं काम उरलं नव्हतं. "आन् आता मी काय खाऊ?" ती म्हणाली. इतकी वर्षं त्याचं उरलेलं संपवूनच तिचं जेवण सुरू व्हायचं; थेट आपलं ताट वाढून घेता येतं, हे ती खरोखरच विसरून गेली होती.

कडुबा उठला. आयुष्यभर हजारो शेगड्या पेटवलेल्या त्या माणसानं स्वतःच्या घरची शेगडी पहिल्यांदा स्वयंपाकासाठी पेटवली. परात पुढे ओढली, पीठ मळलं, भाकरी थापली. ती एका बाजूनं पापडासारखी पातळ आणि दुसऱ्या बाजूनं पायरीसारखी जाड झाली. मध्ये करपली, कडेला कच्ची राहिली.

"ज्योत तर बराबर हाय," तो म्हणाला.

सुलेखानं ती ताटात घेतली, मेथीच्या भाजीशी अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी बाजूला सारली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाय खाववत."

जन्मात पहिल्यांदा तिनं ताटात अन्न टाकलं. कडुबानं इकडे-तिकडे पाहिलं, ते ताट आपल्याकडे ओढलं आणि तिची उष्टी अर्धी भाकरी सावकाश खाऊन संपवली.