टिटवीची गोष्ट, माझी आणि बाईंची

मंडळी, आज धसईच्या बाजारातून भाजी विकून आले, तर नात दारातच उभी.

"गो आजी, टिटवी पाय वर करून आभाळ धरत नाय! शाळेतल्या नव्या बाई बोलल्या."

ती गोष्ट माझी होती. रोज मीच सांगायचे. त्या बाईंवर मी अशी जळले म्हणून सांगू!

"मग काय करते तुझ्या बाईंची टिटवी?"

"उघड्यावर अंडी घालते. उन्हात नर-मादी आळीपाळीने बसतात. एक उठली की दुसरा बसतो."

बाईंवरची जळफळ तिथेच संपली. आता टिटवीवर जळते आहे. आमचे हे गेल्यापासून बाजारात मी उठले तर माझ्या जागी बसायला कोणी नाही.

तुम्हाला कधी पाखराचा हेवा वाटलाय का?