कॉइलवरचा पटका

इस्त्रीखाली ओलं सुती कापड वाफाळलं, की मला बारावीच्या फिजिक्सच्या पेपरची सकाळ आठवते.

इनामगावहून शिरूरला निघालेली व्हॅन वाटेतच बंद पडली. ड्रायव्हरमामा म्हणाले, "कॉइल तापली. बॅटरीचे बारा व्होल्ट हजारांवर नेऊन इंजिनात ठिणगी पाडती ती. आता ओलं कापड गुंडाळाय पायजे."

त्याच व्हॅननं लेकाची सोयरीक जुळवायला निघालेल्या शेजारच्या आबांनी डोक्यावरचा नवा पटका सोडून भिजवला.

"आबा, सोयऱ्यांपुढं उघड्या डोक्यानं जाणार व्हय?" ड्रायव्हरमामांनी विचारलं.

"सोयरीक परत बघू. हिचा पेपर परत न्हाई."

व्हॅन सुरू झाली, पेपर मिळाला. कॉइल कशी चालते, हे आज मी वर्गात शिकवते. त्या दिवशी उतरताना मात्र मी आबांकडे वळूनही पाहिलं नव्हतं.