उंबऱ्याबाहेरून हाक

सप्टेंबरात वरच्या कुरणांवरून गाव खाली उतरलं, की आठ-दहा दिवसांत तपासणीची पांढरी गाडी यायची. तंबूंची लोकरी आच्छादनं अजून अंगणात वाळत पडलेली असायची, घोड्यांच्या अंगावरची धूळ झडलेली नसायची, आणि सायराकुल दारोदार सांगत फिरायची, "परवा सकाळी सातला, शाळेच्या अंगणात. उपाशीपोटी. चहाचा घोटसुद्धा नाही. ऐकलंत का?"

चोंग-बुलाकमध्ये तिला सगळे एजे म्हणत, म्हणजे ताई. सत्तावन्न वर्षांची होती. दोन खोल्यांच्या आरोग्यकेंद्रात एकतीस वर्षं काढली होती. डॉक्टर नव्हती, पण गावात दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून डॉक्टरही तीच. गावातल्या माणसांची वयं तिला तोंडपाठ. कोण चाळिशीला टेकलं, म्हणजे आता दर वर्षी रक्तदाब आणि साखर. कुणाची पन्नाशी उलटली, म्हणजे छातीचा फोटो. तिशीतल्या सुनांची वेगळीच तऱ्हा. गर्भाशयाच्या तपासणीचं नाव काढलं की रुमालाआड तोंड लपवून हसत बसायच्या. मग सायराकुल त्यांना मागच्या खोलीत नेऊन दटावायची, "पोरं काढलीत तेव्हा नाही लाज वाटली. आता कसली वाटते गं?" हसत हसत त्या कबूल व्हायच्या.

तिचं स्वतःचं रक्त मात्र सहा वर्षांत एकदाही गाडीत गेलं नव्हतं.

त्याला कारण होतं, आणि ते गावात कुणालाही पटलं असतं. आदल्या दिवशी कितीही सांगा, तपासणीच्या सकाळी माणसं सवयीनं चहा पिऊन मोकळी होत. म्हणून सायराकुल उजाडायच्या आत निघून घरोघर जायची, एकेकाला उठवायची, किटलीपासून लांब ठेवायची. आणि घरात पाऊल टाकलेलं माणूस नान चाखल्याशिवाय माघारी जात नाही. घाई असो, पोट भरलेलं असो, भांडण झालेलं असो, एक तुकडा मोडून तोंडात टाकायचाच. न चाखता गेलं तर त्या घरची बरकत सोबत घेऊन गेल्यासारखं होतं. तेव्हा सत्तावीस घरांचे सत्तावीस तुकडे पोटात घालून सायराकुल गाडीपाशी पोचायची, आणि उपाशीपोटीच्या रांगेत तिला जागा नसायची.

"पुढच्या वर्षी," ती म्हणायची.

केंद्रात बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्र होतं. त्याच्या पट्ट्या थोड्याच यायच्या. त्या आजाऱ्यांसाठी आहेत, असं ती स्वतःला सांगायची.

त्या वर्षी तिला कारण तोकडं पडलं, ते झुराकान आपामुळे. झुराकान शेजारची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी वाळलेली म्हातारी. गाडीची यादी सत्तरीला संपायची, त्यावर ती म्हणायची, "सरकारनं मला मरायला मोकळीक दिलीय." तरी सायराकुल रोज संध्याकाळी कुंपणावरून हात घालून तिचा रक्तदाब बघायची. दिवसभरात तिला घरगुती बोलणं म्हणावं असं तेवढंच घडायचं.

त्या संध्याकाळी सायराकुल नमाजाआधी अंगणातल्या नळाखाली पाय धूत होती. झुराकान कुंपणाला टेकून बघत होती.

"ती टाच अजून तशीच?"

"बूट चावला, आपा."

"मे महिन्यात चावला होता. अजून चावतोच आहे? बूट आहे का कुत्रं?"

सायराकुलनं पाय आवरला. "भरत आलीय."

"तुझ्या आईचीही भरत आली होती."

साखरेच्या आजारात आईचा पाय आधी घोट्यापाशी कापला, मग गुडघ्यापाशी. शेवटचे चार महिने ती याच घरात, चुलीजवळच्या गादीवर पडून होती. सायराकुलला सगळं आठवत होतं. वर्षभर आपल्याला सारखी तहान लागते, चार महिने पायाची बोटं बधिर होतात, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं धूसर दिसतात, हे तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं, तर त्याला दंडाला धरून नेलं असतं.

"परवा रक्त दे," झुराकान म्हणाली.

"उपाशी कशी राहू? घरोघर नान चाखायचा—"

"आत गेलीस तर चाखायचा. आत जाऊच नकोस. रस्त्यावरून हाक मार."

"बरं दिसतं का ते?"

"न दिसायला काय झालं? मेंढपाळ मारतात की." म्हातारीनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "का गं, नानाच्या आड लपायला बरं पडतं?"

सायराकुल हसली, पण ते शब्द तिच्या मनाला लागले. थोडं खरं होतं. सगळं मात्र नव्हतं.

वर्षभर माणसं तिच्याकडे यायची ती केंद्रात, दुखणं घेऊन. बरं वाटलं की जायची. संध्याकाळी कुलूप लावून ती घरी आली की चुलीवर एका माणसाचा चहा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी नुरझात रशियात, एका मोठ्या शहरात, दुकानांच्या फरश्या पुसायच्या कामावर. तिनं जाताना नानाचा एक चावा घेतला होता. घरातून लांब जाणारं माणूस चावा घेऊन जातं, उरलेला नान खिळ्याला टांगून ठेवतात, ते परत आलं की तोच नान पूर्ण करतं. नुरझातचा नान सात वर्षं स्वयंपाकघरात टांगलेला होता. दगडासारखा कडक झाला होता, आणि त्यावर तिच्या दातांची अर्धी कड अजून दिसत होती.

वर्षातली ती एकच सकाळ अशी होती, की सायराकुलला सत्तावीस घरं होती. कुणी उशी सरकवायचं, कुणी पोराला मांडीवर द्यायचं, कुणी लोण्याची वाटी पुढं करायचं. प्रत्येक घरी दोन-तीन मिनिटंच, पण आत, चुलीच्या उबेत. ती सकाळ सोडून द्यायची म्हटलं, तर तिच्या वर्षात उरत काय होतं?

त्याच रात्री नुरझातचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तू जेवतेस का वेळेवर?"

"जेवते. परवा तपासणी ना तुमची? माझ्या वाटचे नान खा सगळ्यांकडे."

"खाईन हो," सायराकुल म्हणाली.

तपासणीच्या सकाळी तिनं नमाज पढला. दुआला हात उचलले, तेव्हा काय मागावं ते तिला सुचेना. "तू बघ," एवढंच म्हणून तिनं हात तोंडावरून फिरवले आणि बाहेर पडली.

पहिलं घर गावाच्या वरच्या टोकाला, ओस्मोनकुलचं. शेहेचाळीस वर्षांचा, घोड्यांच्या मागे फिरणारा गडी. दर वर्षी काहीतरी सबब काढायचा. सायराकुल फाटकापाशी थांबली.

"ओस्मोनकुल! ऊठ, सात वाजता गाडी!"

दार उघडलं, ते त्याच्या बायकोनं, मारिपानं. "एजे, बाहेर काय उभ्या राहिलात? या ना आत. नान गरम आहे."

"आज नको गं. उशीर होतोय."

"एक तुकडा मोडायला किती उशीर?" मारिपा नान घेऊन फाटकापर्यंत आली. गरम नानाचा वास सायराकुलच्या नाकात शिरला.

"नको म्हटलं ना."

मारिपाचा हात तसाच राहिला. मागून ओस्मोनकुल शर्टाची बटणं लावत आला. "काय झालं एजे, आमच्या पिठात किडे दिसले का?"

"तुझ्या डोक्यात दिसले. चहा प्यायलास?"

"नाही अजून."

"पिऊ नकोस. चल."

ती पुढं निघाली. मागे मारिपा नवऱ्याला हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती. घरोघर असंच झालं. "आत या एजे." "आज नको." कुणी हसून सोडून दिलं. कुणी कपाळाला आठ्या घातल्या. एका सासूनं तर सरळ विचारलं, "माझ्या सुनेचं काही चुकलं का? ती तुमच्याकडे आली होती तेव्हा काही बोलली का?" सायराकुलनं मान हलवली आणि पुढचं घर गाठलं. मलाही रक्त द्यायचंय, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण ते तिच्या तोंडून निघेना. गावाला तपासणारी बाईच आजारी, हे ऐकून माणसं काय म्हणतील? आणि कुणी कळवळून विचारलंच, तर तिथंच रडू फुटेल याची भीती होती. चौदाव्या घरापर्यंत तिचा घसा सुकला. धुक्यात उघड्या दारांतून चुलींचा उजेड रस्त्यावर पडत होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती हे गाव बाहेरून बघत होती.

सात वाजता शाळेच्या अंगणात रांग लागली. गाडीतला डॉक्टर तरुण होता, जिल्ह्याच्या गावाहून आलेला. त्यानं यादीवर बोट फिरवलं.

"सत्तावीस घरं ना, एजे?"

"सत्तावीस घरं. आणि एक माणूस."

"एक कोण?"

"मी," ती म्हणाली. सगळ्यात शेवटी तिनं बाही वर केली.

रक्त देऊन झालेली माणसं भिंतीकडेच्या बाकांवर बसून शिदोऱ्या सोडत होती. थर्मासमधला चहा, उकडलेली अंडी, कालचं मांस. सायराकुल कोपरात कापूस दाबून कडेच्या बाकावर बसली. दर वर्षी या वेळी तिचं पोट भरलेलं असायचं, त्यामुळे तिला स्वतःसाठी काही आणायची सवयच नव्हती. तिला वाटलं, आता कुणीतरी हाक मारील.

कुणीही मारली नाही. सातच्या आत गावभर झालं होतं, की एजे या वर्षी कुणाच्या घरचा नान खात नाही. जी बाई दारातून तुकडा परत करते, तिच्यापुढं अंगणात पुन्हा तुकडा धरायचा आणि पुन्हा नकार घ्यायचा, हे कोण करणार? मारिपा दोन बाकं पलीकडे होती. तिनं एकदा मान वर करून पाहिलं. नानाचा हात तिनं जरासा उचललाही. मग तो मुलापुढं केला.

सायराकुल उठून शाळेच्या नळाचं पाणी प्यायली. पुन्हा प्यायली.

थोड्या वेळानं डॉक्टरनं तिला गाडीत बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच तिला कळलं. गाडीतल्या यंत्रावर उपाशीपोटीची साखर सातच्या वर गेली म्हणजे आजार धरतात. तिची अकरावर होती.

"तहान कधीपासून—"

"वर्ष झालं. बोटं बधिर होतात, चार महिने. डोळे धूसर. टाचेला जखम आहे, भरत नाही." पुढचे प्रश्न तिला ठाऊक होते. तेच तर ती जन्मभर विचारत आली होती.

त्यानं बूट काढायला लावला, टाच पाहिली, बराच वेळ पाहिली. "एजे, पाय वाचेल. पण गुरुवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं. दहा दिवस तरी. आणि उपाशीपोटी यायचं, ते मी तुम्हाला काय सांगू." तो जरा ओशाळला. मग कार्ड भरू लागला. "जवळचं माणूस कोण? नाव आणि फोन?"

गावात नऊ म्हातारी माणसं अशी होती, ज्यांची मुलं परदेशी गेली होती. त्यांच्या कार्डांवर या ओळीत सायराकुलचंच नाव होतं, सायराकुलचाच फोन. तिला वाटलं, इथंही तोच घालावा. नुरझातचा घातला, तर ती पोर काम सोडून धावत येईल, किंवा येऊ शकणार नाही आणि रात्रंदिवस रडेल. दोन्ही तिला नको होतं.

"झुराकान," ती म्हणाली. "शेजारीण. तिच्याकडे फोन नाही."

"मग काही झालं तर कसं कळवायचं?"

"शाळेच्या फोनवर करा. कुणीतरी उचलेल, त्याला सांगा कुंपणापाशी हाक मारायला."

घरी आली तेव्हा झुराकान कुंपणाशी उभीच होती. "किती?"

"अकरा."

"आईची किती होती?"

"चौदा. तपासली तेव्हा."

"मग लवकर गेलीस." म्हातारीनं कुंपणावरून फडक्यात गुंडाळलेला नान पुढं केला. सकाळचा होता, गार झालेला. "थोडाच खा. तुझंच सांगणं असतं ना सगळ्यांना, थोडाच खा?"

सायराकुलनं उभ्या उभ्याच खाल्ला. दुपारपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. "कुणीही विचारलं नाही, आपा," ती म्हणाली. "अख्ख्या अंगणात कुणीही नाही."

"तू सांगितलंस का कुणाला?"

सायराकुलनं फडक्याची घडी घातली.

"मग त्यांना काय स्वप्न पडणार?" म्हातारीनं काठी आपटली. "तू दवाखान्यात जा. मी घरोघर जाऊन सांगते. माझ्या वाटेला सत्तावीस तुकडे येतील, यादीत नाव नाही तर नाही."

बुधवारी संध्याकाळी झुराकान पहिल्यांदाच कुंपणाला वळसा घालून दारातून आत आली. सायराकुल पिशवी भरत होती. म्हातारीनं ताजा नान तिच्यापुढं धरला.

"सकाळी उपाशी जायचंय तुला. म्हणून आत्ताच चाव."

"दहाच दिवस तर जातेय, आपा. एवढ्यासाठी—"

"चाव म्हणते ना."

सायराकुलनं बिस्मिल्ला म्हणून एक चावा घेतला. नान मऊ होता. झुराकाननं उरलेला हातात घेतला, खिळ्याजवळ गेली, टाचा उंचावल्या. हात पुरेना, म्हणून सायराकुलनं मागून तिला आधार दिला. नुरझातच्या त्या कडक नानाशेजारी हा नवा नान लटकला.

"हा वाळायच्या आत ये," झुराकान म्हणाली. "मला दगड चावता येत नाहीत, आणि तू नाही आलीस तर तो मलाच संपवावा लागेल."

मग तिनं दंडावरची बाही वर केली आणि चुलीजवळ बसली. रक्तदाब बघायची वेळ झाली होती.